मूठ मिटेपर्यंत पॉवर नाही: ड्रोन उडवण्याआधीच्या तपासण्या हातात बसवण्याची पद्धत

ड्रोन पडला किंवा अख्खं शूट वाया गेलं, की समोरचा सांगतो, "दादा, सगळं माहीत होतं हो, गडबडीत राहून गेलं." लग्नाची कामं करणाऱ्या मित्रांकडून आणि हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांकडून हेच वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकतो. बॅटरी नीट बसली पाहिजे, पंखे तपासले पाहिजेत, हे कुणाला शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो क्रमात, आणि त्याहून जास्त मध्येच कुणी हाक मारली की.

माझा स्वतःचा ड्रोन असाच पडला. एका गावातलं लग्न होतं, मांडव उसाच्या फडाला लागून. मी बॅटरी बसवत होतो तेवढ्यात नवरीचे मामा धावत आले, "अहो, वरात वेशीपाशी आली, उडवा लवकर!" मी मान वळवून "आलोच" म्हटलं आणि पुन्हा वळून थेट पॉवर दिली. बॅटरीच्या दोन खिट्यांपैकी एकच बसली होती. दुसऱ्या बाजूला नखाएवढी फट राहिली होती. ड्रोन दहा फुटांवर गेला आणि मोटरचा आवाज एकदम तुटला. खाली पाचटाचा ढीग होता म्हणून यंत्र वाचलं. पण दोन मिनिटांपूर्वी त्याच जागी दोन पोरं उभी होती आणि माझ्या मदतनीस पोराने त्यांना मागे सारलं होतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्या दिवसानंतर मी तपासणी डोक्यातून काढून हाताच्या बोटांवर आणली. पुढची पद्धत लहान घडीच्या कॅमेरा ड्रोनसाठी आहे. मॉडेलप्रमाणे बारीकसारीक फरक पडेल, क्रम मात्र हाच ठेवा.

## टप्पा १: आदल्या रात्री, घरच्या टेबलावर

वेळखाऊ असलेलं सगळं इथे उरकायचं. जागेवर गेल्यावर हे करायला बसलात की पुढची प्रत्येक तपासणी घाईत होते.

१. बॅटऱ्या आज रात्रीच चार्ज करा. "गेल्या रविवारी फुल केली होती" याचा उपयोग नाही. स्मार्ट बॅटरी काही दिवस पडून राहिली की फुगू नये म्हणून स्वतःच थोडी रिकामी होते. ड्रोनच्या बॅटरीबरोबर रिमोट आणि फोनही चार्जिंगला लावा. रिमोटची बॅटरी सर्रास विसरली जाते.

२. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने ढकला. डुलली किंवा भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगली आहे. अशी बॅटरी "एकदाच वापरतो" म्हणून बॅगेत टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घरच्या कचऱ्यात नको.

३. अपडेट घरच्या वायफायवर. ड्रोन, रिमोट आणि ॲप तिन्ही उघडून बघा. शेताच्या बांधावर, एका कांडीच्या नेटवर्कवर फर्मवेअर उतरवत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

४. नकाशा आणि परवानगी. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कोणत्या झोनमध्ये पडते ते पाहा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर होते. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. २५० ग्रॅमपेक्षा जड आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन 'मायक्रो' गटात येतो. तो पैसे घेऊन उडवत असाल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि लग्नाचं शूट हे पैसे घेऊन केलेलंच काम आहे.

सावधान: नकाशावर हिरवं दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. सण, निवडणुका, बड्या नेत्यांचे दौरे अशा वेळी पोलीस मनाई आदेश काढतात आणि त्यात ड्रोनचा उल्लेख असतो. गड संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी, अभयारण्य असेल तर वनखात्याची वेगळी. स्थानिक पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी एक चक्कर मारलेली बरी.

५. मेमरी कार्ड ड्रोनमध्ये परत घाला. फुटेज उतरवायला कार्ड लॅपटॉपला लावलं आणि तिथेच राहिलं, असं फार वेळा होतं. माझा नियम साधा आहे: कार्ड लॅपटॉपमध्ये असेल तोवर ड्रोनची बॅग उघडीच ठेवायची, चेन लावायची नाही.

## टप्पा २: जागेवर पोहोचल्यावर, बॅग न उघडता

पोहोचल्याबरोबर ड्रोन बाहेर काढायचा नाही. आधी पाच मिनिटं पायी फिरा आणि मान वर करून बघा. एकदा ड्रोन हातात आला की नजर त्याच्यावरच खिळते, म्हणून हा टप्पा आधी.

१. तारा शोधू नका, खांब शोधा. आकाशाच्या उजेडात तार डोळ्यांना दिसत नाही आणि ड्रोनच्या सेन्सरलाही बारीक तार बहुधा कळत नाही. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरूनच चाला. गावात खांबावरून घरात गेलेली सर्व्हिस वायर सगळ्यात फसवी. मांडवाच्या माळांच्या वायरी आणि पताकांच्या दोऱ्याही बघा. संक्रांतीच्या आसपास मांजा आलाच.

२. वारा वरचा मोजा. खाली धोतराचा सोगाही हलत नसेल, पण नारळाच्या किंवा निलगिरीच्या शेंड्याकडे बघा. बहुतेक लहान ड्रोन सेकंदाला साधारण १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत तग धरतात, तेही बॅटरी भराभर खात. गडाच्या कड्यावर वारा खालून वर उसळतो आणि कड्याच्या पलीकडे उतरला की ड्रोनला खाली दाबतो. पहिली फेरी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला न्या, म्हणजे परतताना वारा मदतीला येतो. अनेकजण उलट करतात. वाऱ्याबरोबर मजेत लांब जातात आणि परतीला बॅटरी पुरत नाही.

३. मोहोळ आणि घारी. सह्याद्रीतल्या कड्यांवर आणि जुन्या बुरुजांवर आग्या मोहोळ असतात. ड्रोन त्यांच्या जवळ गेला तर माशा उठू शकतात, आणि चावा घेतात त्या खाली उभ्या असलेल्या माणसांना. ड्रोनभोवती घार घिरट्या घालू लागली तर तिच्याशी खेळू नका, उतरवा.

४. उड्डाणाची जागा. सपाट, कोरडी आणि वर मोकळं आकाश असलेली. झाडाखालून किंवा मांडवाच्या छताखालून उडवायचं नाही. सिग्नल तुटला की ड्रोन आधी सरळ वर चढतो आणि वर फांदी असेल तर तिथेच अडकतो. वाळू, धूळ, उंच गवत असेल तर पॅड अंथरा. समुद्रकिनाऱ्याची बारीक वाळू गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाच्या, मोटरमध्ये गेली की तिचा घरघराट ऐकवत नाही.

५. लोखंडापासून दूर. मोटारीचं बॉनेट, पत्र्याचं शेड, सळ्यांचा स्लॅब, डीजेचा ट्रक, गडावरची तोफ, यांतल्या कशावरही ड्रोन ठेवून सुरू करू नका. होकायंत्र भरकटतं. ॲपने कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्र पुन्हा जुळवणं, मागितलं तर आधी पन्नास पावलं दुसरीकडे चालून जा आणि पुन्हा बघा. निम्म्या वेळा मागणी आपोआप जाते.

तपासा: माणसं कुठून येतील? वरात, पंगत, मुलं. एका माणसाला फक्त लोकांना मागे ठेवायचं काम द्या. त्याच्या हातात दुसरं काही नको.

## टप्पा ३: करंगळी ते अंगठा

आता बॅग उघडायची. ड्रोनचे हात मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने उघडा, मॉडेलनुसार आधी पुढचे किंवा आधी मागचे असतात. मग पॉवर न देता डाव्या हाताची बोटं करंगळीपासून एकेक करून मिटायची. प्रत्येक बोटाला एक काम. ते काम हाताने करायचं, तोंडाने मोठ्याने बोलायचं आणि मगच बोट मिटायचं.

करंगळी: कार्ड. मेमरी कार्ड करंगळीच्या नखाएवढंच असतं, त्यामुळे विसरायला होत नाही. झाकण उघडून कार्ड डोळ्यांनी बघा. "असेलच" चालणार नाही. म्हणा: "कार्ड आहे."

अनामिका: अंगठीचं बोट, म्हणून कव्हर. अंगठी काढावी तसं गिंबलचं कव्हर काढायचं. कव्हर तसंच ठेवून पॉवर दिली तर गिंबलची मोटर त्याच्याशी झगडत राहते. काही मॉडेलना पंखे बांधायचा पट्टा असतो, तोही आत्ताच सोडा. लेन्सवर बोटाचा डाग आहे का ते तिरक्या उजेडात पाहा. म्हणा: "कव्हर निघालं, लेन्स साफ."

मधलं बोट: सगळ्यात उंच, म्हणून उंची. मान वर करून आजूबाजूची सगळ्यात उंच गोष्ट शोधा आणि तिची उंची अंदाजाने बोला. "नारळ, पंचवीस मीटर." त्यात पंधरा-वीस मीटर वाढवा. "आरटीएच पंचेचाळीस." आरटीएच म्हणजे 'रिटर्न टू होम', सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप परततो ते; हा आकडा म्हणजे त्या परतीची उंची. हा आकडा पुढच्या टप्प्यात ॲपमध्ये भरायचा आहे, आत्ता फक्त ठरवायचा. मोबाइल टॉवर, देवळाचं शिखर, चाळकेवाडीसारख्या पठारावर असाल तर पवनचक्की, काहीही सुटू नये. कायद्याच्या मर्यादेत राहून ती गोष्ट ओलांडता येत नसेल तर ड्रोन तिच्या पलीकडे न्यायचाच नाही.

तर्जनी: पंखे. तर्जनीने प्रत्येक पंखा हळूच फिरवा. अडकला, खरखरला तर थांबा. मग नखाची कड पंख्याच्या पुढच्या कडेवरून मुळापासून टोकापर्यंत फिरवा. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला लागते. मुळाशी, स्क्रूजवळ बारीक पांढरी रेघ दिसली तर तो तडा आहे, पंखा बदला. स्क्रू ढिला नाही ना ते बघा. चार हात, चार वेळा. म्हणा: "एक, दोन, तीन, चार."

अंगठा: बॅटरी. अंगठ्याने दाबूनच ती बसवतात. दोन्ही बाजूंच्या खिट्यांचा 'टक' ऐका आणि मग अंगठा बॅटरीच्या चारी कडांवरून फिरवा. कुठेही पायरी लागली नाही पाहिजे. शेवटी बॅटरी धरून हलकेच मागे ओढून बघा. म्हणा: "बॅटरी टक, टक."

अंगठा आत आला, मूठ मिटली.

सावधान, ही या लेखातली सगळ्यात मोठी सूचना: मध्ये कुणी हाक मारली, फोन वाजला, नवरदेवाने हात केला, की मूठ उघडायची. पूर्ण पंजा मोकळा. परत आल्यावर करंगळीपासून सुरुवात. "मी तर्जनीपर्यंत आलो होतो" असं मनाशी म्हणून पुढे जायचं नाही, कारण आपण कुठवर आलो होतो याची आठवण अशा वेळी हमखास एक पाऊल पुढची असते. पहिल्यापासून सगळं करायला एक मिनिट लागतं.

मोठ्याने बोलायला पहिले काही दिवस संकोच वाटतो. रेल्वे इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल दिसला की तो एकमेकांना मोठ्याने सांगतात, रोजचाच मार्ग असला तरी. बोललेलं आपल्याच कानावर पडतं, आणि कान चूक पकडतो. मदतनीस असेल तर त्याने बोटाचं नाव घ्यायचं आणि तुम्ही उत्तर द्यायचं. "दादा, तर्जनी?" "एक, दोन, तीन, चार." उत्तर आलं नाही तर त्याने पुढचं बोट विचारायचं नाही, मग तुम्ही वयाने कितीही मोठे असा.

नवीन असाल तर हा भाग घरी पंख्याखाली बसून रोज दहा वेळा करा, ड्रोन न उडवता. आठवडाभरात बोटं आपोआप मिटू लागतात. रिमोटच्या मागे चिकटवलेली छापील यादीही चांगली, पण उन्हात ती वाचली जात नाही आणि महिन्याभराने नजर तिच्यावरून घसरून जाते.

## टप्पा ४: मूठ मिटली, आता पॉवर

आधी रिमोट, मग ड्रोन. बंद करताना उलट: आधी ड्रोन, मग रिमोट. ड्रोन चालू होताना गिंबल हलून जागेवर बसतो, तेवढा वेळ त्याला हात लावू नका. नंतर स्क्रीनवर तीन गोष्टी, वरून खाली नाही, याच क्रमाने:

१. होम पॉइंट, म्हणजे ड्रोन आपोआप जिथे परत येतो ती नोंदलेली जागा. उपग्रहांची संख्या दहाच्या वर जाऊ द्या आणि होम पॉइंट नोंदल्याची सूचना येऊ द्या. मग नकाशा उघडून बघा, खूण तुम्ही उभे आहात तिथेच आहे का. सूचना येण्याआधी घाईने उडालात तर होम पॉइंट नंतर हवेत असताना नोंदला जाऊ शकतो, आणि ड्रोन घरी म्हणून शेजारच्या विहिरीवर येऊन उतरेल. होडीतून उडवणाऱ्यांनी तर हे मनात कोरून ठेवावं: होडी पुढे जाते, होम पॉइंट मागे पाण्यावर राहतो. होडीतून उडवताना सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करायचं, ती सेटिंगही बदलून 'जागेवर थांब' करा.

२. आरटीएचची उंची. मधल्या बोटाने ठरवलेला आकडा आत्ता भरा. गेल्या कामाचा आकडा तसाच राहिलेला असतो. मोकळ्या माळावर ठेवलेले तीस मीटर नारळीच्या बागेत काय करतील ते सांगायला नको. ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, हे नेहमी चुकतं. पायथ्याच्या गावातून उडवलात तर डोंगराची उंची त्यात धरलेली नसते.

३. बॅटरी आणि तापमान. टक्के बघा, आणि ड्रोनने कसलाही इशारा दिला असेल तर तो वाचा. वाचून बंद करा, बंद करून वाचू नका. बऱ्याच लहान ड्रोनची कामाची मर्यादा ४० अंश सेल्सियस असते. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी ती ओलांडली जाते. गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेली बॅटरी तशीच लावू नका, सावलीत निवू द्या.

तपासा: तिन्ही बरोबर असतील तर मदतनिसाला विचारा, "माणसं मागे?" त्याचं "मागे" असं उत्तर ऐकल्याशिवाय मोटर सुरू नाही.

## टप्पा ५: डोक्यापेक्षा जरा वर, तीस सेकंद

मोटर सुरू केल्यावर लगेच शंभर मीटर वर पळवायची सवय मोडा. सात-आठ फुटांवर थांबवा आणि स्टिकवरून अंगठे उचला. ड्रोन जागेवर थांबला पाहिजे. एका बाजूला सरकत किंवा गोल फिरत असेल तर होकायंत्र किंवा उपग्रहांचा प्रश्न आहे. उतरवा, जागा बदला. आवाज ऐका. चांगल्या पंख्यांचा सूर एकसारखा असतो, तुटका पंखा त्यात थरथर आणतो आणि स्क्रीनवर चित्र लाटांसारखं हलतं. मग चारही दिशांना जरा जरा हलवून बघा. पंखे बदलले असतील तर हे विशेष महत्त्वाचं, कारण चुकीच्या हातावर चुकीचा पंखा बसला तर ड्रोन उचलतानाच उलटतो.

शेवटी रेकॉर्डिंग सुरू करा आणि सेकंद पुढे सरकतायत का ते डोळ्यांनी बघा. मंगलाष्टकं पूर्ण झाल्यावर रेकॉर्ड चालूच नव्हतं हे कळणं फार वाईट असतं. ती वेळ परत आणता येत नाही.

## टप्पा ६: दुसरी बॅटरी

जवळपास सगळे इथे चुकतात. पहिली फेरी छान झाली, हात गरम आहेत, बॅटरी बदलली आणि उडवला. पण बॅटरी बदलणं म्हणजे ड्रोन नव्याने सुरू करणं. नवा होम पॉइंट घेतला जातो. वरात दोनशे मीटर पुढे सरकली असेल तर जागाही नवी, तारा नव्या, उंची नवी.

बॅटरी तीस टक्क्यांवर आली की परत बोलवा. रिकामी झालेली लगेच चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या. भरलेल्या आणि वापरलेल्या बॅटऱ्या मिसळू नयेत म्हणून मी वापरलेलीवर रबरबँड चढवतो. मग टप्पा दोनमधलं मान वर करून बघणं, थोडक्यात, आणि टप्पा तीन पूर्ण: करंगळीपासून. कार्ड काढलेलं नसलं तरी करंगळी सोडायची नाही. एक बोट सोडलं की पुढच्या वेळी दोन सुटतात. पंखे तर दुसऱ्या फेरीत जास्तच नीट बघा. मघाशी उतरताना गवताच्या काडीला घासलेलं असतं, ते याच वेळी नखाला लागतं.